उल्हासनगर: ज्या दुखण्याला तेव्हा नाव नव्हतं

बदलापूरहून सकाळची लोकल पकडली की अंबरनाथनंतर उल्हासनगर येतं. रोजचं स्टेशन, आपलं डोकं मोबाईलमध्ये. पण इथे कुणालाही पत्ता विचारा, उत्तर येतं, 'कॅम्प तीन', 'कॅम्प चार'. पंचाहत्तर वर्षं झाली, पत्त्यातला कॅम्प काही गेला नाही. आजचा भाग त्या कॅम्पात आलेल्या माणसांच्या मनाबद्दल.

आधी थोडा इतिहास. दुसऱ्या महायुद्धात कल्याणजवळ लष्कराचा मोठा ट्रान्झिट कॅम्प होता. युद्ध संपलं, बराकी रिकाम्या झाल्या. मग फाळणी आली. पंजाब आणि बंगालचे तुकडे झाले, सिंध मात्र अख्खा पाकिस्तानात गेला. तिथल्या बऱ्याच हिंदूंना वाटत होतं, राहू इथेच. जानेवारी १९४८ मध्ये कराचीत दंगल झाली आणि तो भरवसा संपला. बोटी भरभरून माणसं मुंबईला आली. त्यातली सुमारे एक लाख या बराकींत राहिली. ८ ऑगस्ट १९४९ ला गव्हर्नर जनरल सी. राजगोपालाचारी यांच्या हस्ते वसाहतीला नाव मिळालं, उल्हासनगर. नाव शेजारच्या नदीचं, पण अर्थ बघा: आनंद!

माझ्या एका मित्राची आजी कॅम्प चारमधली. घरात पैसाअडका होता, तरी पलंगाखाली एक गाठोडं कायम बांधलेलं. रात्री दार वाजलं की ती उठून बसायची. सणाला सगळे हसत असायचे, ही गप्प. घरचे म्हणायचे, 'स्वभावच तसा आहे.' मी इंजिनीअर आहे, डॉक्टर नाही. आजीला काय होतं हे मी सांगू शकत नाही. पण 'स्वभाव' हा शब्द किती काय काय झाकतो, ते तेव्हा कळलं.

कारण तेव्हा दुसरा शब्दच नव्हता. पहिल्या महायुद्धात 'शेल शॉक' हा शब्द आला, पण तो सैनिकांसाठी. पीटीएसडी हे नाव अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या अधिकृत यादीत आलं १९८० मध्ये. म्हणजे कराचीच्या दंगलीनंतर ३२ वर्षांनी.

आणि हे दुखणं एकटं क्वचितच येतं. १९९५ मध्ये अमेरिकेतल्या एका मोठ्या पाहणीचे निष्कर्ष आले. पीटीएसडी झालेल्यांपैकी ८८ टक्के पुरुषांना आणि ७९ टक्के स्त्रियांना आयुष्यात आणखी किमान एक मानसिक आजार झालेला होता. जवळपास निम्म्यांना नैराश्य. का? शरीर सतत सावध राहतं, ती चिंता. आठवण नको म्हणून माणूस बाहेर जाणं, बोलणं टाळतो. जग आक्रसतं आणि उदासी शिरते. झोप उडणं, लक्ष न लागणं तर दोन्हींत असतं. आमच्या भाषेत सांगायचं तर तीन वेगळी तिकिटं उघडलेली, पण तिन्ही एकमेकांत अडकलेली. एकच बंद करून भागत नाही.

त्यात भर कॅम्पातल्या जगण्याची. एका बराकीत पडदे लावून अनेक कुटुंबं, गेलेली जमीन, नव्याने शोधायचं काम. जुना घाव आणि रोजची ओढाताण, दोन्ही एकदम.

मग डॉक्टर मंडळींनी हे नोंदवलं का? संजीव जैन आणि आलोक सरीन या मानसोपचारतज्ज्ञांनी २०१८ मध्ये फाळणीच्या मानसिक परिणामांवर एक पुस्तक संपादित केलं. त्यातली बोचणारी गोष्ट हीच, की भारतीय मानसोपचारशास्त्र फाळणीबद्दल जवळजवळ गप्पच राहिलं.

या लोकांनी शून्यातून बाजार उभे केले, शाळा-कॉलेजं काढली. ते आपण कौतुकाने सांगतो, सांगायलाच हवं. पण 'किती खंबीर माणसं' म्हणताना रात्री जागणारी आजी त्यातून वगळली जाते. दुकान नीट चालतंय म्हणजे माणूस बरा आहे, असं नसतं.

आज नाव आहे, उपचारही आहेत: समुपदेशन, औषधं. तुमच्या घरात कुणी अपघातानंतर, पुरानंतर, मारहाणीनंतर 'बदललं' असेल, तर स्वभाव म्हणून सोडून देऊ नका. डॉक्टरांना फक्त झोपेचं सांगू नका. आधी काय घडलं होतं, तेही सांगा. सरकारची टेलिमानस हेल्पलाइन १४४१६ वर आहे, फुकट आहे, मराठीत बोलता येतं.

आणि घरी आजी-आजोबा असतील, तर आज जरा शेजारी बसा. त्यांना बोलायचं असेल तर ऐका, नसेल तर नुसतं बसा. भेटू पुढच्या भागात.