उघाडी

माझ्या आईच्या आईचं माहेर अलिबागच्या खारेपाटातलं. भाताची गोष्ट सांगायला बसली की आजी पेरणीपासून नव्हे, बांधापासून सुरुवात करायची. शेतं भरतीच्या पाण्याहून खाली. बांध गेला की वर्षाची पेज गेली.

बांध खाडीच्याच चिखलाचा, त्यात पेंढा दाबलेला. डागडुजी भांगाच्या दिवसांत, पाण्याला जोर नसताना. उधाण यायच्या आत घरटी एक माणूस हजर. बांधात लाकडी उघाडी असे. आजीने न्हाणीच्या मोरीशी ताटली उभी धरून मला ती समजावली होती: बाहेरून पाणी ओतलं की ताटली घट्ट मिटे, आतून ओतलं की कलून वाट देई. भरतीने स्वतःच दार लावायचं, ओहोटीने उघडायचं. पहिल्या पावसांनी मातीतला खार धुऊन त्या वाटेने गेला, की मोड आणलेलं बी, म्हणजे रहू, चिखलात फेकायचं. भात काळा रता, भुरा रता. थोडा खार सोसणारं, लाल दाण्याचं.

बांधाच्या खाडीकडच्या अंगाला तिवर आणि चिपी राखलेली असायची. सरपणाला वाळकी फांदी तेवढी घ्यायची. लाटेचा मार ती झाडं झेलत, गाळ धरत. त्यांच्या मुळांत जिताडा माशाची पिल्लं वाढत. ती पकडून घरामागच्या तळ्यात सोडायची आणि जावई आला की मोठा जिताडा काढायचा. (आमच्या आजोबांना पहिल्या खेपेला डोक्याकडचा तुकडा मिळाला, हे आजी म्हातारपणीही लाजून सांगे.)

1933 साली याच खारेपाटातल्या चरी गावात कुळांनी खोतांविरुद्ध संप पुकारला. पुढारी नारायण नागू पाटील, डॉ. आंबेडकरही चरीला येऊन गेले. 1939 पर्यंत कुळांनी जमीन कसली नाही. आजीला हे तिच्या आईकडून कळलेलं. त्या वर्षांत लोक मोळ्या विकायचे, चिंबोऱ्या आणि निवट्यांच्या कालवणावर दिवस काढायचे, खाडीने जगवलं, असं ती सांगे. त्यातलं घडलेलं किती आणि मागाहून जोडलेलं किती, हे विचारायला आता कुणी नाही. मला मात्र ते खरं वाटतं. शेत बंद होतं, पण तिवर उभं होतं.

पुढे 1948 मध्ये खारभूमीचा कायदा आला, बांधांचा कारभार हळूहळू सरकारकडे गेला. कुळं मालक झाली, पोरं मुंबईला आणि कारखान्यांत गेली. घरटी एक माणूस निघेनासा झाला. मामाच्या एका शेताच्या बांधाला खांड पडली, ती वेळेवर बुजली नाही. आत खारं पाणी शिरलं, मागोमाग तिवर उगवलं. आता ते कांदळवन, तोडायला बंदी. सातबारावर भात, जमिनीवर जंगल. मामाचा संताप मला पटतो, आणि बंदीही पटते. 3 जून 2020 ला ‘निसर्ग’ वादळ याच किनाऱ्यावर आलं, तेव्हा जिथे बाहेर दाट तिवर होतं तिथला बांध तगला, हे मामानेच सांगितलं.

समुद्र वर चढतोय, तेव्हा नुसती सिमेंटची भिंत पुरणार नाही, असं मला मनापासून वाटतं. बाहेर तिवर, मध्ये चिखलाचा बांध, आत भात, ही जुनी मांडणी पुन्हा धरावी लागेल. आणि बांध राखणाऱ्याला, झाडं जपणाऱ्याला त्याची मजुरी द्यावी लागेल; फुकट राबणारं गाव आता उरलेलं नाही. मामा भुऱ्या रत्याचं बी शोधतोय. पण आधी उघाडीची कुजलेली फळी बदलायची आहे, आणि येत्या भांगाला त्याला चार माणसं हवी आहेत.