दगडी जोत्यावरची वीट

मी शहाडला राहतो. कल्याण एका स्टेशनावर. तिथल्या जुन्या वस्तीतला एक वाडा पाडत असल्याचे कळले म्हणून गेलो आणि मुकादमाकडे एक वीट मागितली. ‘घ्या की, डेब्रिजच आहे,’ तो म्हणाला. चपटी, जेमतेम दोन बोटे जाड वीट. आजच्या नऊ इंची विटेपुढे भाकरीच वाटावी.

वीट मिळाल्याच्या आनंदात भिंतीचा फोटो काढायचे राहिले. चार दिवसांनी गेलो तेव्हा मैदान झाले होते. चूक माझीच. सुटी वीट भिंतीबद्दल फारसे काही सांगत नाही. ती भार पेलत होती की नुसती खांबांमधली पोकळी भरत होती, हे आता मला कधीच कळणार नाही.

प्रश्न क्षुल्लक नाही. पुण्याचा शनिवारवाडा १७३० ते १७३२ या काळात उभा राहिला. खाली दगड, वर विटा. दगडी वाडा बांधण्याचा मान छत्रपतींचा, अशी तक्रार साताऱ्याला गेली म्हणून वर वीट आली, असे सांगतात. गोष्ट रंजक आहे, पण मला ती पटत नाही. ज्या वाड्यांबद्दल अशी कथा कोणी सांगत नाही, त्यांतही क्रम हाच: खाली दगडी जोते, वर विटा. कारण बांधणीत आहे. मजल्यांचा भार सागवानी खांब आणि तुळया घेतात. भिंत जितकी हलकी तितकी बरी. ओल मात्र जमिनीतून चढते, तिथे दगडच हवा. या रचनेची किंमतही शनिवारवाड्यानेच मोजली. १८२८ च्या आगीत लाकूड जळाले आणि वरचे मजले गेले. आज आपण पाहतो ती जोती आणि तटबंदी.

इंग्लंडच्या खेड्यांतली विटांची घरे अभ्यासणारे विटेची जाडी मोजतात. तिथे १७८४ मध्ये विटांवर नगावर कर बसला, तेव्हा काही भट्टीवाल्यांनी विटाच मोठ्या केल्या. (व्यापारी सगळीकडे सारखेच!) कर १८५० मध्ये उठला. तरी नुसत्या जाडीवरून घराचे वय ठरवणे धोक्याचे, कारण पाडलेल्या घराच्या विटा दुसऱ्या घराला लागतात. आपल्याकडेही तेच. माझी वीट त्या वाड्याहून जुनी असू शकते.

हल्ली पाडकामाची बातमी लागली की टेप आणि वही घेऊन निघतो. आधी खांब मोजतो, मग दोन खांबांमधली भिंत, थर आणि चुन्याचे सांधे. वीट सगळ्यात शेवटी मागतो.