उलटा वारा आणि मुअल्लिम

उर्दू शाळेत मुअल्लिम म्हणजे शिक्षक. मुलांच्या लेखी हा शब्द खडू-फळ्यापुरता आहे. पण पाचशे वर्षांपूर्वी अरबी समुद्रात जहाजावर जो माणूस तारे बघून, वारा ओळखून वाट सांगायचा, त्यालाही मुअल्लिमच म्हणत. जहाजाचा प्रमुख तो नाखुदा. नाव आणि खुदा, म्हणजे नावेचा धनी. हाच फारसी शब्द आपल्या कोळीवाड्यांत आणि कोकणी मुसलमानांत ‘नाखवा’ होऊन नांदतो आहे. दर्याने शब्दांना कधी जात-धर्म विचारलेला नाही.

हे सुचायला कारण एक वाक्य. शिक्षकांच्या खोलीत, लग्नाच्या पंगतीत, मोबाईलवर, ते कुठेही कानावर पडते. ‘वास्को द गामाला हिंदुस्थानचा रस्ता एका मुसलमानानेच दाखवला!’ कोणी अभिमानाने सांगतो, कोणी टोमणा म्हणून. दोघांच्याही डोळ्यांसमोर नाव असते ते अहमद इब्न माजिदचे. या वाक्याचा खरेखोटेपणा तपासायचा तर आधी वारा समजून घ्यावा लागतो.

शिडाचे जहाज वाऱ्याच्या तोंडावर सरळ जाऊ शकत नाही. जिकडून वारा येतो तिकडेच जायचे असेल तर आधी तिरपे डावीकडे, मग शीड फिरवून तिरपे उजवीकडे, अशी नागमोडी वाट काढावी लागते. घाटातला रस्ता चढतो तशी. किती तिरपे, यावर सगळे अवलंबून. नववी-दहावीची त्रिकोणमिती इथे कामाला येते. वाऱ्याच्या दिशेपासून ४५ अंशांवर जहाज चालवता आले, तर १०० कोस पुढे सरकायला १४१ कोस कापावे लागतात. ६० अंशांवर २०० कोस. ७५ अंशांवर जवळजवळ ३८६! आजची शर्यतीची बोट ४५ अंशांच्या आसपास जाते. गामाच्या मोठ्या जहाजांची मुख्य शिडे चौकोनी होती. त्यात वारा आणि लाटा जहाजाला बाजूला ढकलत नेतात, ते नुकसान धरले तर हिशेब ७५च्या पलीकडेच जातो.

अरबी आणि हिंदी गलबतांचे तिकोनी शीड याहून बरे, पण त्याचीही एक अडचण होती. शिडाची तिरकी काठी कधी कधी जहाजाइतकी लांब असते. दिशा बदलायची म्हणजे ती अख्खी काठी शिडासकट डोलकाठीच्या दुसऱ्या बाजूला न्यायची. नाळ वाऱ्यातून वळवायला गेले तर शीड डोलकाठीवर उलटे दाबले जाते आणि काहीतरी मोडते. म्हणून खलाशी आधी पाठ वाऱ्याकडे करायचे, मोठा वळसा घ्यायचे आणि मग काठी फिरवायचे. मिळवलेले थोडे अंतर त्या वळशात गमवायचे. ॲलन व्हिलियर्स नावाचा ऑस्ट्रेलियन दर्यावर्दी १९३८-३९ मध्ये कुवेतच्या अशा जहाजावर राहिला, त्याने पाहिलेली रीत हीच. असले काम दिवसातून दहा वेळा कोण करील? म्हणून वळणे थोडी आणि टप्पे लांब. आणि अख्खा समुद्र ओलांडायचा असेल तर उलट्या वाऱ्याशी झुंजायचेच नाही, तो फिरेपर्यंत थांबायचे.

अरबीतला मौसिम म्हणजे ठरलेला काळ. त्याचे पोर्तुगीजांच्या तोंडी जे झाले त्यावरून इंग्रजी मान्सून आला, आणि आपण तो परत मराठीत घेतला. इब्न माजिदने १४९०च्या सुमारास नौकानयनावर जो मोठा ग्रंथ लिहिला, त्यात कोणत्या बंदरातून कधी निघावे हे नौरोजपासूनचे दिवस मोजून सांगितले आहे. नैर्ऋत्य वारे ऐन भरात असताना सुमारे तीन महिने समुद्र ‘बंद’. मग पावसाळा सरला आणि ईशान्येचा वारा नीट बसला की हिंदुस्थानातून आफ्रिकेकडे निघायचे. आपल्याकडे नारळी पौर्णिमेला दर्या उघडतो, पण तो किनाऱ्याच्या होड्यांना. पलीकडच्या किनाऱ्याला जाणाऱ्याने आणखी दोन-तीन महिने सबुरी धरायची.

आता गामाकडे येऊ. तो अडाणी नव्हता. ऑगस्ट १४९७ मध्ये केप व्हर्द बेटांवरून निघाल्यावर आफ्रिकेच्या किनाऱ्याने उलट्या वाऱ्याशी झगडत बसण्याऐवजी त्याने अटलांटिकमध्ये प्रचंड वळसा घेतला. तीन महिने जमीन दिसली नाही, पण दक्षिणेचे पश्चिमी वारे मिळाले आणि तो आफ्रिकेच्या टोकाजवळ पोचला. मालिंदीला त्याला वाटाड्या मिळाला. २४ एप्रिल १४९८ रोजी तिथून निघून, चार हजारांहून अधिक किलोमीटर समुद्र ओलांडून, १८ मेला त्यांना मलबारची भूमी दिसली. वारा पाठीशी होता.

परतीची गोष्ट शाळेच्या पुस्तकात नसते. कालिकतला बिनसल्यावर २९ ऑगस्टला गामा निघाला. वारा फिरायची वाट त्याने पाहिली नाही. किनाऱ्याने उत्तरेकडे सरकणे तसे शक्य होते. रात्री जमिनीवरचे मतलई वारे, दुपारनंतर समुद्रावरचे खारे वारे, दोन्हींचा आधार घेत तिरपे-तिरपे वर चढायची युक्ती आपल्या किनाऱ्यावरच्या प्रत्येक तांडेलाला ठाऊक असे. गामाची तीन जहाजे तशीच रखडत कारवारजवळच्या अंजदीव बेटावर आली. तिथे डागडुजी झाली. ५ ऑक्टोबरला त्यांनी किनारा सोडला. हा सगळ्यात वाईट मुहूर्त! जुना वारा मेलेला, नवा जन्मलेला नाही.

जाताना साडेतीन आठवडे लागले होते. येताना तीन महिन्यांना तीन दिवस कमी. कधी वारा पडलेला, कधी नेमका समोरून. ताज्या अन्नाअभावी हिरड्या सुजून दातांवर चढल्या, हातपाय सुजले. तीस माणसे गेली, तेवढीच आधीही गेली होती. एकेका जहाजावर काम करण्याजोगे सात-आठ जण उरले. वारा मिळाला तर हिंदुस्थानला परत जायचे, इथपर्यंत कप्तानांचे ठरले होते. त्या प्रवासाची जी रोजनिशी गामाच्याच एका सोबत्याने लिहिली, तीत हे सगळे आहे. आणि मग डिसेंबरच्या अखेरीस ईशान्येचा वारा आला. त्याने सहा दिवसांत त्यांना आफ्रिकेचा किनारा दाखवला, २ जानेवारी १४९९. पुढे माणसेच पुरेनात म्हणून ‘साओ राफाएल’ हे जहाज जाळून टाकावे लागले.

मला यात मुअल्लिमवरच्या आरोपाचे उत्तर दिसते. एप्रिलच्या अखेरीस मालिंदीहून मलबारला जाणे ही काही कोण्या एकाने दडवलेली गुप्त वाट नव्हती. गुजराती, अरब, आफ्रिकी किनाऱ्यावरचे व्यापारी पिढ्यान्पिढ्या ये-जा करत होते. कठीण विद्या होती ती थांबण्याची, आणि ती गामाने घेतलेलीच दिसत नाही.

वाटाड्या कोण होता? रोजनिशी त्याला ख्रिस्ती समजते. पोर्तुगीज बखरकार बारोस त्याला गुजरातचा मुसलमान म्हणतो आणि नाव देतो मालेमो काना. मालेमो म्हणजे आपला मुअल्लिमच. काना किंवा कानाका हे बहुधा ‘गणक’वरून आलेले, म्हणजे हेसुद्धा नाव नसून हुद्दाच. इब्न माजिदचे नाव येते ते कुत्बुद्दीन नहरवालीच्या अरबी इतिहासात. हे घराणे मूळ गुजरातच्या पाटणचे. मक्केत बसून, घटनेनंतर पाऊणशे वर्षांनी तो लिहितो की इब्न माजिदने नशेत वाट सांगितली. विसाव्या शतकात फेरां या फ्रेंच विद्वानाने ते उचलून धरले, पुढच्या अभ्यासकांनी नाकारले. इब्न माजिद ओमानच्या बाजूचा, जुल्फारचा अरब. गुजराती तो नव्हताच. नहरवालीला पराभवासाठी एक दारुडा हवा होता, असे माझे मत. आपल्यालाही असा एखादा लागतोच.

वारा मात्र कोणाची बाजू घेत नाही. १५५४ मध्ये तुर्की आरमारप्रमुख सीदी अली रईस बसऱ्याहून सुएझकडे निघाला. पोर्तुगीजांशी लढाया झाल्या, आणि वादळाने त्याला थेट दमण-सुरतेकडे आणून टाकले. मोडक्या जहाजांनिशी उलट्या वाऱ्यात पश्चिमेला जाणे शक्यच नव्हते. अहमदाबादेत असताना त्याने समुद्रविद्येवर ‘मुहीत’ नावाचा तुर्की ग्रंथ लिहिला, बराचसा इब्न माजिद आणि सुलेमान महरी यांच्या पुस्तकांवरून. मग जहाजे सोडून तो खुश्कीच्या मार्गाने निघाला. सिंध, लाहोर, दिल्ली. हुमायून बादशहा जिन्यावरून पडून वारला तेव्हा हा दर्यावर्दी दिल्लीतच होता. तुर्कस्तानात पोचला १५५७ मध्ये.