रानडे-गोखले यांचा सहवास

रानडे व गोखले यांच्या संबंधाला गुरुशिष्यभाव म्हणून आपण मोकळे होतों. स्वतः गोखले रानड्यांस गुरुच मानीत. तेव्हां त्या शब्दाविरुद्ध तक्रार करण्याचा आम्हांस अधिकार नाहीं. तथापि त्यानें एक गोष्ट झांकली जाते. रानड्यांचा जन्म १८४२ सालचा, गोखल्यांचा १८६६ सालचा. चोवीस वर्षांचें हें अंतर असूनहि त्या दोघांत जो सहवास घडला, त्यांत शिकविण्यापेक्षां जवळ बसून काम करण्याचाच भाग अधिक होता. (समवयस्कांचेंच जमतें हा समज तरी कोठें खरा आहे? टिळक गोखल्यांहून अवघे दहा वर्षांनीं मोठे आणि एकाच शाळेंतले. पण त्यांचें जमलें नाहीं.)

पुण्याच्या सार्वजनिक सभेचें काम गोखल्यांच्या अंगावर आलें, तें पंचविशीच्या आंतबाहेर. सरकारी अहवाल व जमाखर्चाचीं कोष्टकें चाळावयाचीं, त्यांवरून अर्ज लिहावयाचा आणि तो रानड्यांपुढें ठेवावयाचा. रानड्यांची तपासणी कडक असे. अशा बैठकींत वयाची मातब्बरी चालत नाहीं. आंकडा चुकला म्हणजे तो चुकलाच.

एकदां अशा एका अर्जावर गोखल्यांनीं अतोनात श्रम घेतले, आणि सरकारकडून आलें काय, तर दोन ओळींचें उत्तर! एवढी खटपट करावयाची कशाला, असें त्यांनीं विचारलें. त्यावर रानडे काय म्हणाले, तें गोखल्यांनींच पुढें सांगून ठेविलें आहे. अर्ज नांवाला सरकारचे. वस्तुतः ते लोकांसाठीं. अशा विषयांचा विचार कसा करावा, हें लोकांनीं शिकावें म्हणून ते लिहावयाचे. आणि असलें राजकारण या देशांत अगदीं नवें असल्यामुळें, दुसऱ्या फळाची आशा न धरितां तें पुष्कळ वर्षें चालवावयाचें. बरोबरीचा मित्र असता तर तो गोखल्यांबरोबर संतापला असता, इतकेंच. उलट, समोर निराश झालेला तरुण बसला नसता, तर मनांत मुरलेली ही गोष्ट रानड्यांनीं तरी इतक्या उघडपणें बोलून दाखविली असती काय?

१८९७ सालीं गोखल्यांची कसोटी लागली. विलायतेंत वेल्बी कमिशनपुढें दिलेल्या साक्षीची वाहवा झाली. परंतु पुण्याच्या प्लेगबंदोबस्तांतील गोऱ्या शिपायांच्या अत्याचारांविषयीं तेथें जें त्यांनीं प्रसिद्ध केलें, त्याला परत आल्यावर पुरावा उभा राहीना. त्यांनीं जाहीर माफी मागितली, आणि स्वकीयांचे शिव्याशाप सोसले. वय अवघें एकतीस.

त्याच वर्षअखेर अमरावतीस राष्ट्रसभा भरली. त्या प्रवासांत डब्यांत रानडे व गोखले असे दोघेच होते. पहाटे चारच्या सुमारास गाण्याच्या आवाजानें गोखले जागे झाले. पाहतात तों पंचावन्न वर्षांचे न्यायमूर्ति उठून बसलेले, हातांनीं ताल धरून तुकोबांचे दोन अभंग पुनःपुनः आळवीत आहेत. गळा कांहीं गोड नव्हता, असें गोखलेच सांगतात. पण तेहि उठून बसले आणि ऐकत राहिले. लोकनिंदेनें पोळलेल्या माणसाला उपदेशापेक्षां अशी पहाट अधिक उपयोगी पडते, असें आम्हांस वाटतें.

१६ जानेवारी १९०१ रोजीं रानडे वारले. पुढल्याच वर्षीं, १९०२ च्या मार्चांत, गोखल्यांनीं कलकत्त्यास वरिष्ठ कायदेमंडळांत अंदाजपत्रकावरील आपलें पहिलें भाषण केलें, आणि सरकारची शिल्लक म्हणजे रयतेची भरभराट नव्हे, हें सरकारच्याच आंकड्यांनीं दाखवून दिलें. आंकडे जुळविण्यास गणेश व्यंकटेश जोशी यांचें साह्य होतें. लिहिलेलें ज्यांच्यापुढें ठेवावयाचें, ते मात्र राहिले नव्हते.