टॉक्सोप्लाझ्मा : शरीर या परजीवीला आटोक्यात कसे ठेवते?

गरोदरपणातील ‘टॉर्च’ तपासणीत ‘टॉक्सोप्लाझ्मा आयजीजी पॉझिटिव्ह’ असे वाचून घरातले सगळे घाबरतात. बहुतेक वेळा त्याचा अर्थ एवढाच असतो, की हा संसर्ग पूर्वी कधीतरी होऊन गेला आहे आणि शरीराने त्याला आवर घातला आहे.

संसर्ग कसा होतो?

टॉक्सोप्लाझ्मा हा एकपेशीय परजीवी आहे. मांजराच्या विष्ठेने दूषित झालेली माती, पाणी, न धुतलेल्या भाज्या किंवा कच्चे राहिलेले मांस यांतून तो पोटात जातो. निरोगी माणसाला सहसा काहीच त्रास होत नाही. काहींना बारीक ताप येतो, मानेत गाठी येतात आणि काही आठवड्यांत जातात.

पेशी एकमेकींना निरोप कसा देतात?

हा परजीवी आपल्या पेशींच्या आत शिरून वाढतो. तिथे अँटिबॉडी पोचत नाहीत. म्हणून पेशींनाच एकमेकींना सावध करावे लागते. परजीवीची चाहूल लागताच काही पांढऱ्या पेशी इंटरल्युकिन-12 हे रसायन सोडतात. त्यामुळे टी पेशी जाग्या होतात आणि इंटरफेरॉन-गॅमा सोडतात. हा निरोप मिळालेल्या पेशी आतल्या परजीवीला मारतात किंवा त्याची वाढ रोखतात. दाह हाताबाहेर जाऊ नये म्हणून इंटरल्युकिन-10 ब्रेकचे काम करते.

तरीही थोडे परजीवी मेंदूत आणि स्नायूंत पुटी करून सुप्त राहतात. सध्याची औषधे या पुटी नष्ट करू शकत नाहीत. त्यांना दाबून ठेवण्यासाठी हे निरोप आयुष्यभर चालू राहावे लागतात.

निरोप कमी पडले तर?

एचआयव्हीमध्ये सीडी4 पेशी 100 च्या खाली गेल्यास किंवा अवयव प्रत्यारोपणानंतरच्या औषधांमुळे सुप्त परजीवी पुन्हा वाढू शकतो. अशा रुग्णाला सतत डोकेदुखी, ताप, झटके, बोलण्यात गोंधळ किंवा एका बाजूला अशक्तपणा जाणवल्यास त्याच दिवशी रुग्णालयात न्या. डॉक्टरांनी दिलेली को-ट्रायमॉक्साझोलची गोळी स्वतःहून बंद करू नका.

रिपोर्ट कसा वाचावा?

- आयजीजी पॉझिटिव्ह, आयजीएम निगेटिव्ह : जुना संसर्ग. प्रतिकारशक्ती चांगली असेल तर सहसा बाळाला धोका नसतो आणि औषध लागत नाही.
- आयजीएम पॉझिटिव्ह : संसर्ग नवा असू शकतो. पण आयजीएम कित्येक महिने टिकते, कधी चुकीनेही पॉझिटिव्ह येते. म्हणून अ‍ॅव्हिडिटी तपासणी करतात. पहिल्या तीन महिन्यांत अ‍ॅव्हिडिटी जास्त आली, तर संसर्ग गरोदरपणाआधीचा असतो.
- दोन्ही निगेटिव्ह : आजवर संसर्ग झालेला नाही. खबरदारी तुम्हीच सर्वांत जास्त घ्यायची आहे.

पूर्वी गर्भपात झाला असेल, तर केवळ आयजीजी पॉझिटिव्ह आहे म्हणून त्याचा दोष या परजीवीला किंवा स्वतःला देऊ नका.

खबरदारी

- मांस पूर्ण शिजवा. कच्चे मांस हाताळल्यावर हात आणि सुरी धुवा.
- भाज्या, फळे वाहत्या पाण्यात धुवा.
- मातीत काम करताना हातमोजे घाला.
- मांजराची घाण घरातल्या दुसऱ्या कुणीतरी रोजच्या रोज काढावी. ताजी विष्ठा लगेच संसर्गजन्य नसते, त्याला किमान एक दिवस लागतो. त्यामुळे मांजर घराबाहेर काढण्याची गरज नाही.

रिपोर्टवरून स्वतः औषध सुरू करू नका. तो घेऊन तुमच्या स्त्रीरोगतज्ज्ञांना भेटा.