टीव्हीचा आवाज येतोय, पण चित्र नाही? आधी टॉर्च लावून पाहा

मॅचची कॉमेंट्री ऐकू येतेय, पण स्क्रीन काळी. ‘पॅनल गेलं’ असं समजून लगेच नवा टीव्ही घेऊ नका.

१. रिमोटवरचं मेनू बटण दाबा. मेनू दिसला, तर टीव्ही ठीक आहे. सेट-टॉप बॉक्स, एचडीएमआय केबल आणि सोर्स तपासा.

२. मेनूही दिसत नसेल, तर स्विच बंद करून पाच मिनिटांनी टीव्ही पुन्हा लावा.

३. तरीही काळोखच? खोलीत अंधार करून मोबाइलचा टॉर्च स्क्रीनजवळ तिरका धरा. पुसट चित्र दिसलं, तर बहुधा बॅकलाइट गेला आहे. एलईडी टीव्हीच्या पॅनलला स्वतःचा उजेड नसतो, तो मागच्या एलईडी पट्ट्यांकडून येतो. या पट्ट्या बदलता येतात आणि खर्च पॅनलपेक्षा बराच कमी येतो. काहीच दिसलं नाही, तर बोर्ड किंवा पॅनल तपासावं लागेल. ओएलईडी टीव्हीला बॅकलाइट नसतो, तिथे ही युक्ती चालत नाही.

मागचं झाकण मात्र स्वतः उघडू नका. प्लग काढल्यावरही कपॅसिटरमध्ये वीज साठलेली असू शकते. मेकॅनिकला टॉर्चच्या उजेडात काय दिसलं ते सांगा आणि पॅनल बदलायला होकार देण्याआधी बॅकलाइट तपासून घ्या.