गॉडझिला, छुप्या खुणा आणि न विसरण्याची सत्तर वर्षे

१/
टोकियोच्या उपसागरात एक निर्मनुष्य नौका तरंगताना आढळते. आत नीट जोडीने ठेवलेले बूट, घडी घालून केलेली कागदाची एक आकृती आणि एक कवितासंग्रह; मालकाचा मात्र पत्ता नाही. २०१६ सालच्या 'शिन गोजिरा' या जपानी चित्रपटाची ही सुरुवात. नौकेचे नाव 'ग्लोरी मारू'. अनेक प्रेक्षकांच्या नजरेतून ते निसटले. जुन्या चाहत्यांना मात्र ते वाचताच १९५४ साल आठवले.

२/
१९५४ च्या पहिल्या 'गोजिरा'त, म्हणजे जगाला 'गॉडझिला' म्हणून ठाऊक असलेल्या चित्रपटात, सर्वप्रथम बुडते ते जहाज 'एइको मारू'. जपानी भाषेत 'एइको' म्हणजे गौरव, इंग्रजीत 'ग्लोरी'. बासष्ट वर्षांनी तेच नाव भाषांतराचा वेश घेऊन पुन्हा पाण्यावर आले. महाकाय राक्षसांच्या कथांत अशा छुप्या खुणा पेरण्याची जुनी परंपरा आहे. ती चाहत्यांनी कशी जोपासली आणि तिच्या मुळाशी कोणती जखम आहे, याचा हा इतिहास.

३/
मुळात 'एइको मारू' हीच एक खूण होती. १ मार्च १९५४ रोजी अमेरिकेने प्रशांत महासागरातील बिकिनी प्रवाळद्वीपावर 'कॅसल ब्राव्हो' ही हायड्रोजन बाँबची चाचणी केली. स्फोटाची शक्ती सुमारे १५ मेगाटन, म्हणजे हिरोशिमावरील बाँबच्या जवळजवळ हजारपट. शास्त्रज्ञांच्या अंदाजाच्या दुपटीहूनही ती अधिक निघाली. जाहीर केलेल्या धोक्याच्या क्षेत्राबाहेर 'दाइगो फुकुऱ्यू मारू' ही जपानी मासेमारी नौका होती. नावाचा अर्थ 'पाचवा भाग्यवान ड्रॅगन'. तिच्यावरील २३ खलाशांच्या अंगावर आकाशातून पांढरी राख पडू लागली.

४/
दोन आठवड्यांनी नौका याइझू बंदरात परतली, तेव्हा खलाशी आजारी होते आणि पकडलेले ट्यूना मासे किरणोत्सर्गी. जपानभर मासळीबाजारांत घबराट पसरली. २३ सप्टेंबर रोजी नौकेचे रेडिओ ऑपरेटर आइकिची कुबोयामा यांचा मृत्यू झाला. त्यानंतर सहा आठवड्यांच्या आत, ३ नोव्हेंबरला, 'गोजिरा' प्रदर्शित झाला. पहिल्याच दृश्यात जहाजाच्या डेकवर खलाशी निवांत बसले आहेत, कोणी वाद्य वाजवतो आहे. तोच समुद्रातून डोळे दिपवणारा प्रकाश उसळतो आणि जहाज पेट घेते. रेडिओ ऑपरेटर मदतीचा संदेश पाठवू लागतो.

५/
चित्रपटात 'दाइगो फुकुऱ्यू मारू'चे नाव कुठेही येत नाही. तशी गरजही नव्हती. जपानवर दोस्तराष्ट्रांचा लष्करी अंमल असताना अणुबाँबच्या परिणामांविषयीच्या लेखनावर कडक निर्बंध होते. तो अंमल एप्रिल १९५२ मध्ये संपला, तरी आडवळणाने बोलण्याची सवय एका दिवसात जात नाही. दिग्दर्शक इशिरो होंडा स्वतः चीनमधील युद्धकैदेतून १९४६ मध्ये मायदेशी परतताना उद्ध्वस्त हिरोशिमातून गेले होते. जे उघडपणे सांगणे अवघड होते, ते त्यांनी राक्षसाच्या तोंडून सांगितले.

६/
याच चित्रपटात दुसऱ्या प्रकारची खूणही आहे. गोजिरा आगगाडीचा डबा जबड्यात धरून उचलतो. १९३३ च्या 'किंग काँग'मध्ये त्या अजस्र वानराने न्यूयॉर्कच्या उन्नत रेल्वेवर केलेल्या हल्ल्याची आठवण करून देणारे हे दृश्य. विशेष दृश्यांचे सूत्रधार एजी त्सुबुराया 'किंग काँग' पाहूनच या कलेकडे ओढले गेले होते. म्हणजे पहिल्या 'गोजिरा'पासूनच दोन धागे एकत्र विणलेले दिसतात: एक पूर्वसूरींना दिलेल्या मानवंदनेचा, दुसरा न बोलता जागवलेल्या स्मृतीचा.

७/
दुसरा धागा लवकरच तुटू लागला. १९५६ साली अमेरिकेत या चित्रपटाची नवी आवृत्ती आली. मूळचा बराच भाग कापून रेमंड बर या अभिनेत्याची, एका अमेरिकी पत्रकाराची, दृश्ये तीत घुसवण्यात आली. मूळ चित्रपटात लोकलगाडीतील एक तरुणी सहज बोलून जाते की नागासाकीच्या बाँबमधून आपण कशाबशा वाचलो. आवृत्ती बदलली आणि तो संवाद गळाला. जगातील बहुसंख्य प्रेक्षकांना बराच काळ ही कापलेली आवृत्तीच ठाऊक होती.

८/
जपानमध्येही राक्षस हळूहळू माणसाळला. १९६० च्या दशकात तो पृथ्वीचा रक्षणकर्ता झाला. १९६९ पासून तोहो कंपनी शाळांच्या सुट्ट्यांत मुलांसाठी जे चित्रपट-उत्सव भरवू लागली, त्यांचा तो नायक ठरला. १९७५ च्या चित्रपटानंतर तर मालिकाच थांबली. बाँबची आठवण पडद्यावरून जवळजवळ पुसली गेली होती. ती टिकली एका वेगळ्याच ठिकाणी: दूरचित्रवाणीसमोर बसून वाढलेल्या मुलांच्या मनात.

९/
ही मुले खुणा शोधण्यात पटाईत होती. १९६६ साली त्सुबुरायांच्या कंपनीने 'अल्ट्रामॅन' ही मालिका सुरू केली. तिच्या दहाव्या भागात 'जिरास' नावाचा राक्षस येतो. तो प्रत्यक्षात गॉडझिलाचाच जुना पोशाख. मानेभोवती फक्त एक मोठी झालर बसवलेली. लढाईत अल्ट्रामॅन ती झालर उपटून काढतो आणि क्षणभर पडद्यावर अल्ट्रामॅनसमोर साक्षात गॉडझिला उभा राहतो. निर्मितीखर्च वाचवण्याची ही युक्ती मुलांच्या दृष्टीने गुपित ठरली.

१०/
१९६० साली जन्मलेला हिदेआकी आन्नो हा त्याच पिढीतला. ओसाकाच्या कलाविद्यापीठात शिकत असताना तो आणि त्याचे मित्र हौशी चित्रपट करू लागले. १९८१ मध्ये ओसाकात भरलेल्या 'दाइकॉन' या विज्ञानकथा संमेलनासाठी त्यांनी उद्घाटनाची चलच्चित्रफीत तयार केली आणि पुढे त्यांच्या गटाला 'दाइकॉन फिल्म' हे नाव मिळाले. या तरुणांजवळ ना स्टुडिओ होता ना पैसा. होती ती केवळ प्रत्येक राक्षसपटाची पाठ झालेली चौकट.

११/
१९८३ साली या गटाने अल्ट्रामॅनवर स्वतःची कथा रचून अर्ध्या तासाहून थोडा कमी लांबीचा चित्रपट केला. फिल्म ८ मिलिमीटरची, प्रतिकृती कागदाच्या. अल्ट्रामॅन झाला खुद्द आन्नो, तोही मुखवटा न घालता, स्वतःच्या उघड्या चेहऱ्याने. पाहणारा पहिल्या मिनिटाला हसतो. पण विमानांची उड्डाणे, कॅमेऱ्याचे कोन आणि संगीताचे ताल यांतून जुन्या मालिकेला दिलेल्या मानवंदना इतक्या गंभीरपणे येतात की थोड्या वेळाने चेहऱ्याचा विसर पडतो.

१२/
या हौशी चित्रपटाची कथा मात्र गंमत नव्हती. राक्षसाचा पाडाव होत नाही, तेव्हा संरक्षण दल शहरावरच अण्वस्त्र टाकण्याचा निर्णय घेते आणि दलातील एक जण त्याला विरोध करतो. स्वतःच्या लोकांवर बाँब टाकण्याचा अधिकार कोणाला? १९५४ च्या चित्रपटाच्या मुळाशी असलेला हा प्रश्न अधिकृत मालिका विसरत चालली होती. कागदी शहर उभारणाऱ्या विद्यार्थ्यांनी तो पुन्हा विचारला.

१३/
पुढच्याच वर्षी, डिसेंबर १९८४ मध्ये, अधिकृत गॉडझिला परतला आणि त्यानेही हाच प्रश्न मांडला. अमेरिका आणि सोव्हिएत संघ टोकियोतील राक्षसावर अण्वस्त्र वापरण्याचा आग्रह धरतात. जपानचे पंतप्रधान ठाम नकार देतात. या चित्रपटातील पत्रकाराचे नाव गोरो माकी. १९६७ च्या 'सन ऑफ गॉडझिला'मधील पत्रकाराचेही तेच नाव होते. ही छोटी खूण लक्षात ठेवण्याजोगी आहे.

१४/
त्यानंतर तोहो कंपनीने पुढील कथेसाठी जनतेकडूनच प्रवेशिका मागवल्या. निवडली गेली ती शिनइचिरो कोबायाशी यांची कथा. ते व्यवसायाने दंतवैद्य. १९७१ साली 'रिटर्न ऑफ अल्ट्रामॅन' मालिकेतील एका भागाची कल्पना त्यांनीच पुरवली होती. त्यातला राक्षस वनस्पती आणि प्राणी यांच्या संकरातून जन्मलेला. १९८९ च्या 'गॉडझिला विरुद्ध बिओलांटे'मध्ये मुलगी गमावलेला शास्त्रज्ञ तिच्या, गुलाबाच्या आणि गॉडझिलाच्या पेशींचा संकर घडवतो. चाहत्याचे जुने बीज अठरा वर्षांनी अधिकृत बागेत फुलले.

१५/
२०१६ मध्ये 'शिन गोजिरा'चे लेखन आणि मुख्य दिग्दर्शन आन्नोने केले. सहदिग्दर्शक शिंजी हिगुची, 'दाइकॉन फिल्म'चाच जुना सहकारी. 'ग्लोरी मारू'वरून बेपत्ता झालेल्या शास्त्रज्ञाचे नाव आहे गोरो माकी. त्याचे छायाचित्र म्हणून जे दाखवले जाते ते दिग्दर्शक किहाची ओकामोतो यांचे. ते २००५ मध्ये निवर्तले होते. जपानच्या शरणागतीच्या आदल्या चोवीस तासांवरचा त्यांचा १९६७ चा चित्रपट अखंड बैठका आणि तुटक संवादांनी भरलेला आहे. 'शिन गोजिरा'तील मंत्र्यांच्या बैठका त्याच चालीवर चालतात.

१६/
सर्वात रंगतदार खूण रेल्वेची. १९५४ पासून गॉडझिला आगगाड्या चावत आला होता. आन्नोने तो हिशेब उलटा केला. स्फोटके भरलेल्या चालकविरहित लोकलगाड्या राक्षसाच्या पायांवर सोडल्या जातात आणि त्याला खाली पाडतात. पार्श्वभूमीला १९५० च्या दशकातील अकिरा इफुकुबे यांचे संगीत. चित्रपटगृहांतील जुन्या प्रेक्षकांना या दृश्यातला विनोद आणि सूड दोन्ही एकदम कळले.

१७/
शेवटी कळ मात्र पुन्हा त्याच जागी जाते. आंतरराष्ट्रीय दबावाखाली टोकियोवर अण्वस्त्र टाकण्याचे ठरते. जपानी अधिकारी वेळ मिळवतात आणि राक्षसाला गोठवणारे रसायन काँक्रीट पंपाच्या गाड्यांनी त्याच्या तोंडात ओततात. २०११ साली फुकुशिमाच्या अणुभट्ट्या थंड करण्यासाठी अशाच गाड्यांनी पाणी मारले गेले होते. १९५४ चे जहाज, १९८३ चा हौशी चित्रपट आणि २०११ ची दुर्घटना एकाच दृश्यमालिकेत एकत्र येतात. कोणाचेही नाव घेतले जात नाही.

१८/
ताकाशी यामाझाकी यांचा 'गॉडझिला मायनस वन' जपानमध्ये ३ नोव्हेंबर २०२३ रोजी प्रदर्शित झाला: पहिल्या चित्रपटाचीच तारीख. त्यातील ओदो बेटाचे नाव १९५४ चे. गिन्झा भागात जबड्यात उचललेला रेल्वेचा डबाही १९५४ चा. इमारतीच्या छतावरून अखेरच्या क्षणापर्यंत वृत्तांत सांगणारे निवेदक हे पहिल्या चित्रपटातील मनोऱ्यावरच्या निवेदकांचे वारसदार. मार्च २०२४ मध्ये या चित्रपटाला दृश्यपरिणामांसाठी ऑस्कर मिळाले. त्या विभागात हा मान मिळवणारा तो पहिला जपानी चित्रपट.

१९/
पण या चित्रपटाची खरी मानवंदना मतभेदाच्या रूपात आहे. १९५४ मध्ये शास्त्रज्ञ सेरिझावा आपल्या संहारक शोधाची टिपणे जाळतो आणि समुद्रतळाशी राक्षसाबरोबर स्वतःही मरण पत्करतो. २०२३ चा नायक हा युद्धात आत्मघाती मोहिमेतून माघार घेतलेला वैमानिक. तोही राक्षसावर विमान घालायला निघतो, तेव्हा जुन्या चित्रपटाची छाया पाहणाऱ्याला शेवट ठाऊक असल्यासारखे वाटते. मात्र या विमानात वैमानिकाला बाहेर फेकणारे आसन बसवलेले असते आणि तो जिवंत राहतो. खुणेने दाखवलेल्या आदरातूनच पूर्वसूरींना उत्तर दिले जाते: देशासाठी मरणे पुरे झाले, आता जगणे शिकायला हवे.

२०/
म्हणून या खुणांकडे केवळ हुशार प्रेक्षकांचे कोडे म्हणून पाहणे अपुरे ठरते. ज्या गोष्टीला निर्बंधांनी, कात्रीने आणि बाजाराने वेळोवेळी झाकले, ती पुढच्या पिढीकडे सोपवण्याचा हा मार्ग होता. खूण ओळखणाऱ्याला तिचा उगम शोधावासा वाटतो. 'ग्लोरी मारू'वरून तो 'एइको मारू'पर्यंत पोहोचतो आणि तिथून बिकिनीच्या राखेपर्यंत. आन्नोचा प्रवासही तसाच पूर्ण झाला. २०२२ च्या 'शिन अल्ट्रामॅन'चे लेखन त्याचे. नायकाच्या काही हालचालीही त्याच्या, आणि त्याच्यासोबत १९६६ चे मूळ पोशाखधारी कलाकार बिन फुरुया.

२१/
आणि 'दाइगो फुकुऱ्यू मारू'? किरणोत्सर्ग ओसरल्यावर ती 'हायाबुसा मारू' या नव्या नावाने मत्स्यविद्यापीठाचे प्रशिक्षण जहाज झाली. १९६७ मध्ये ती भंगारात निघाली. इंजिन काढून घेतलेला सांगाडा टोकियोच्या कचऱ्याने भराव घातलेल्या युमेनोशिमा बेटालगत पडून राहिला. नव्या नावामागची नौका ओळखणाऱ्या नागरिकांनी ती वाचवण्याची चळवळ उभारली. १९७६ साली त्याच बेटावर तिच्यासाठी प्रदर्शनगृह उघडले. लाकडी सांगाडा आजही तिथे उभा आहे आणि त्यावर तिचे मूळ नाव पुन्हा लिहिलेले आहे.